दारातली लाल बाई

दारातला लाल ठिपका जोतीरामला दिसला, तेव्हा खंडेनवमीची पूजा उरकली होती आणि गणपतराव सर तासाभरात चित्र न्यायला येणार होते.

त्याच्या फ्रेमच्या दुकानात आईनं, म्हणजे बायडाबाईनं, करवत, हातोडी, काच कापायचा हिरा आणि भिंतीवरचे सगळे देव, कुणालाच सोडलं नव्हतं. सगळ्यांना हळदकुंकू. सरांचं चित्र मात्र नवी काच बसवायला बाहेर काढून टेबलावर उघडंच ठेवलेलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुण्या साहेबानं जलरंगात काढलेलं, गवतानं शाकारलेलं, इंग्लंडातल्या खेड्यातलं घर. सरांच्या आजोबांनी ते लिलावात घेतलं होतं. इंग्रजी शिकवून रिटायर झालेले सर रोज सकाळी भिंग लावून ते बघत. आणि आता त्या घराच्या दारात तिळाएवढं कुंकू!

जोतीरामनं श्वास रोखून ओला कापूस टेकवला. ठिपका लगेच निघाला. कापूस लाल झाला.

"आये, उघड्या चित्राला कुंकू लावतंय व्हय कुणी?"

"मी न्हाई बाबा! त्यात देव कुठाय लावायला?"

जोतीरामनं भिंग आणलं. दारात दोन बारीक काळे बूट उभे होते. बुटांवर झग्याची लाल कड तेवढी उरली होती, कुणी नव्हतं.

"आये, मी बाई पुसली!"

"कुणाची?"

"सरांची!"

"आगं बया!"

तेवढ्यात कोपऱ्यावर सरांची स्कूटर खोकली आणि बंद पडली. अर्धा तास आधीच. रंग आणायला वेळच नव्हता. जोतीरामनं पूजेच्या ताटातलं चिमूटभर कुंकू पाण्यात कालवलं आणि बारक्या ब्रशच्या टोकानं बुटांवर बाई उभी केली. घाईत तिच्या डोक्यावर पदरासारखं काहीतरी आलं. पंख्याखाली चित्र वाळवून त्यानं काच चढवली, तोवर सर आत.

सरांनी खिशातनं भिंग काढलं. चित्रातल्या दारावर धरलं.

"जोतीराम, हिनं पदर कधी घेतला?"

जोतीरामनं कान पकडले. "चुकलं, सर. पुसली की माझ्याकडनं. कुंकवानं काढली परत."

सरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. बायडाबाई ताट घेऊन भिंतीला चिकटली.

"कुठं बोलू नकोस," सर हळूच म्हणाले. "चौसष्ट साली माझ्या हातनं तिच्यावर पाणी सांडलं होतं. तू पुसलीस ती मी काढलेली बाई. मूळची निळी होती."

"मग लाल कशी केलीसा, सर?"

"बायकोच्या करंड्यात निळं कुठलं मिळायला?"