लोंढेकाकांबरोबर सायकल बघायला

लोंढेकाका ज्या घरी जुनी सायकल विकत घ्यायला जातात, त्या घरची सायकल विकली जात नाही. हा माझा अनुभव आहे आणि तो मी रविवारची झोप मोडून मिळवला आहे.

काका आमच्या समोरच्या दारातले. इंदूरला बडा गणपतीजवळच्या आमच्या गल्लीत त्यांना ओळखत नाही असा माणूस नाही. वीज खात्यातून निवृत्त झालेले, मुलगी कॅनडात, काकू गेल्यापासून घरात एकटे. सत्तरीला आले तरी कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा सायकलवर, पँटला क्लिप लावून. माझी शुगर वाढली आणि डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, तेव्हा नवरा सहज म्हणाला, "लोंढेकाकांना घेऊन जा. त्यांना सायकलीतलं कळतं." कळतं यात वादच नाही.

अडचण अशी होती की मला सायकल येतच नव्हती. लहानपणी घरात एकच सायकल होती आणि ती भावाच्या वाट्याला गेली. आता पंचेचाळिशी उलटल्यावर मला ती शिकायची होती, आणि अगदी मनापासून शिकायची होती. काकांनी लगेच माझा ताबा घेतला.

"नवी घेऊन आपटलीस तर जीव जळेल, अंजू बेटा. पुरानी बघू, खिशाला झेपेल अशी. आणि गिअरच्या चक्करमध्ये पडू नको. शिकणाऱ्याचे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. बाकी सब दिखावा है."

पहिल्या रविवारी एका वकिलांकडे गेलो. काकांनी सायकल ओसरीवर उलटी केली, चाक फिरवलं आणि एक डोळा मिटून ते डगमगतं का ते पाहिलं. ब्रेक दाबले, गंज खरवडून बघितला. मला अभिमान वाटला. मग त्यांनी सीटवर हात ठेवला आणि पेशंटच्या नातेवाइकांना विचारावं तसं वकिलांना विचारलं, "इसका दुख क्या है?"

वकील म्हणाले, गिअर अडकतो, म्हणून मुलगा हात लावत नाही. काकांनी खांद्यावरच्या पिशवीतून तेलाची बाटली आणि स्क्रू-ड्रायव्हर काढला. मालकीणबाईंचे पोहे होईपर्यंत गिअर सुटला होता. मुलगा गल्लीत चक्कर मारून आला तो लालबुंद होऊन. "पापा, मत बेचो ना!"

"चलती चीज है भिया," काका वकिलांना म्हणाले, "घर में रहने दो."

आम्ही त्यांचे पोहे खाल्ले, वर जलेबी खाल्ली आणि हात हलवत परत आलो. शुगर कमी करायला निघालेल्या बाईनं जलेबी खायला नको होती, पण मला राग गिळायला काहीतरी हवं होतं.

मग महू. तिथे एक निवृत्त सुभेदारसाहेब बायकोची सायकल विकायला काढत होते. सायकल काय सुरेख होती! निळी, वाकड्या दांड्याची, पुढे टोपली. मी बसले, दोन्ही पाय टेकले. मनात मी ती घरी नेऊनसुद्धा ठेवली. तेवढ्यात काकांनी दुखणं विचारलंच.

"हिच्यावरून पडल्या ना आमच्या मिसेस," सुभेदार म्हणाले. "आता नको म्हटलं."

काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "ताई, तुम्हाला विकायचीय का?"

"मला कोण विचारतंय!" आतून आवाज आला.

झालं. ताई बाहेर आल्या. सीट त्यांच्या उंचीला फार वर होती, हे काकांनी दाखवलं आणि खाली करून दिली. ताईंनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. सुभेदारसाहेब बायकोकडे बघतच राहिले आणि मी सायकलीकडे. आम्हाला पुन्हा पोहे मिळाले.

तिसऱ्या खेपेला आम्ही सिमरोलला गेलो. कॉलेज संपवून बेंगलुरूला नोकरीवर निघालेला एक मुलगा सायकल विकत होता. त्याला विकण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून मी निर्धास्त होते. काकांनी त्याला सायकल रेल्वेनं बुक कशी करतात ते समजावलं. हँडल वाकडं करून, गोणपाट बांधून दाखवलं. मुलगा त्यांच्या पाया पडला.

परतीच्या बसमध्ये माझा बांध फुटला. "काका, तुम्ही सायकल घ्यायला येता की सोडवायला?"

"मिलेगी ना, बेटा. पुढचा रविवार आहे की."

पुढच्या रविवारची वाट मी पाहिली नाही. शनिवारी ऑफिसातून परस्पर दुकानात गेले आणि नवीकोरी, बिनगिअरची, साधी सायकल घेऊन आले. पाय टेकतात एवढं पाहिलं आणि ती माझ्या आवाक्यातली होती. काकांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता काका दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. "चल, विजयनगरला एक आहे. मालक की बदली हो गई है." मग त्यांना ओसरीतली सायकल दिसली.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, सायकल उलटी केली, चाक फिरवून एक डोळा मिटला. दुकानदारानं ढिले ठेवलेले दोन नट आवळले.

"पाय टेकतात?"

"टेकतात."

"चांगली आहे. मग झालं काम." त्यांनी पिशवी उचलली, आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीचे दिवस कळत नाही गं. सगळेच कामावर असतात, मी पण बाजारात-बिजारात असतो. रविवारी प्रत्येक घरातून आवाज येतात नी."

इतके रविवार या माणसाबरोबर फिरले आणि मला फक्त सायकल दिसत होती. मी म्हटलं, "काका, सायकल आली. पण ती चालवता कुठे येते मला?"

ते उंबऱ्यातच थांबले. "हाँ नी तो क्या!" म्हणाले आणि क्लिप काढून पँटला लावली.

तेव्हापासून दर रविवारी शाळेच्या मैदानात आमची वरात. मी पुढे, काका मागून सीट धरून धावतायत. "सामने देख! चाकाकडे काय बघतेस, ते कुठे जात नाही!" मी मेंदीच्या कुंपणात शिरले, गोलपोस्टला धडकले, एकदा एका म्हाताऱ्या कुत्र्यानं मला बघून जागा बदलली. काका दर वेळी मला उठवून आधी सायकलीला लागलंय का ते बघत.

आणि एके दिवशी हँडल स्थिर झालं. अचानक. माझं मलाच कळलं की आली, आपल्याला सायकल आली. ओरडावंसं वाटलं. पण मागे काकांच्या धापांचा आवाज येत होता आणि मी ओरडले नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम डगमगले. सरळ चालवण्यापेक्षा खोटं डगमगणं फार अवघड असतं. मधल्या वारी मी सायकलवर जाऊन दूध आणत होते आणि रविवारी मला ब्रेक सापडत नव्हता. नवरा कपाळाला हात लावी.

मागच्या रविवारी वळणावर मी असाच एक झोका घेतला. काका थांबले. सीटवरचा हात तसाच.

"अंजू, तुला सायकल येते."

मी पाय टेकले. "केव्हा कळलं तुम्हाला?"

"तुला कळलं त्याच दिवशी. हाताला सीट हलकी लागते." त्यांनी रुमालानं मान पुसली. मग खाली मातीकडे बघत म्हणाले, "तरी पण अजून थोडे दिवस धरू दे."

"धरा की, काका," मी म्हटलं आणि पेडलवर पाय ठेवला.