सर्व्हरच्या डी ड्राइव्हमधले शेतकरी

आंधळगावच्या धान-नोंदणी सुलभीकरण कक्षात सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक हजार दोनशे सात शेतकरी हरवले. तसे ते सगळे गावातच होते, काही तर खिडकीपुढे रांगेत उभे होते. पण संगणकावर लाल अक्षरांत 'फाइल सापडली नाही' असे उमटले होते, आणि शासकीय कामात पडद्यावर दिसते तेच खरे असते.

कंत्राटी ऑपरेटर अमरला कारण दोन मिनिटांत कळले. वरून आलेल्या परिपत्रकात संगणकाला द्यायची आज्ञा छापून दिली होती: डी ड्राइव्हमधल्या 'धान' फोल्डरातली शेतकऱ्यांची यादी उचलावी. यादी होती अमरच्या डी ड्राइव्हमध्ये. सर्व्हर होता मुंबईला, आणि तो बिचारा स्वतःच्या डी ड्राइव्हमध्ये शोधत होता. आपल्या गोठ्यात शोधून शेजाऱ्याची म्हैस थोडीच सापडते!

"साहेब, आज्ञेत एक शब्द टाका लागते," तो कक्षप्रमुख धर्मेंद्र साहेबांना म्हणाला. "'लोकल' म्हणून. मंग सर्व्हर आपल्या कम्प्युटरवरून यादी उचलते."

साहेब हादरले. "परिपत्रकात तू शब्द टाकशीन? वरच्या साहेबाची सही आहे त्याच्यावर!"

"तं मी यादीच तिकडं पाठवून देतो."

"तिकडच्या ड्राइव्हमध्ये हात घालाची परवानगी आहे का तुले?"

परवानगीचा अर्ज करायचे ठरले. तो अर्जही त्याच पद्धतीने, डी ड्राइव्हमधून चढवायचा होता. तोही सापडला नाही.

हमीभावाने होणाऱ्या सरकारी खरेदीची नोंदणी शुक्रवारी बंद होणार होती. रांगेतल्या चंद्रकलाबाईचे बेचाळीस पोती धान अंगणात ताडपत्रीखाली पडले होते. यादीत नाव नसेल, तर ते व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावे लागणार. ती रोज खिडकीशी येऊन विचारी, "का गा अमर, माह्यं नाव चढलं का?"

मंगळवारी चौकशी समिती आली. तिने फाइल उघडून पाहिली, तिचा फोटो काढला आणि पंचनामा लिहिला: 'फाइल जागेवर आढळून आली, तथापि ती सापडलेली नाही.' त्याखाली साक्षीदार म्हणून यादीतल्याच दोन शेतकऱ्यांचे अंगठे घेतले.

बुधवारपर्यंत सगळ्या तालुक्यांतून हीच ओरड वर गेली. वरिष्ठ कार्यालयाने मग धडाडीने निर्णय घेतला. त्याने सर्व्हरच्या डी ड्राइव्हमध्ये 'धान' फोल्डर तयार करून त्यात त्याच नावाची एक फाइल ठेवून दिली.

गुरुवारी अमरने तीच आज्ञा दिली. हिरवी अक्षरे उमटली: 'फाइल सापडली. दोन नोंदी यशस्वी.' नोंदी होत्या 'नमुना शेतकरी एक' आणि 'नमुना शेतकरी दोन'. साहेबांनी पेढे मागवले.

"साहेब, हे आपले लोक नाहीत ना जी."

"पण एरर गेला का नाही? अमर, तुह्या कंत्राटाची मुदत मार्चमध्ये संपून राहिली. शांत राय."

अमर खिडकीकडे वळला. खिडकीतून चंद्रकलाबाईने हिरवी अक्षरे पाहिली. तिला वाचता येत नव्हते, पण हिरवे म्हणजे चांगले एवढे ती शेतावरून ओळखत होती.

"झालं का गा?"

"झालं काकू," तो म्हणाला. "यशस्वी."

पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरभर पोती खरेदी केंद्रावर नेऊन ती परत आली. केंद्राच्या यादीत तिचे नाव नव्हते, म्हणून तिने तिथूनच धान व्यापाऱ्याला देऊन टाकले होते. अमरला तिच्याकडे बघवेना. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"तांत्रिक अडचण होती काकू."

"अडचण नाही गा. तुले माहीत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिने तो अमरपुढे धरला. "काय म्हनते, वाच."

कक्षाचाच संदेश होता: 'आमच्या सेवेने आपण समाधानी आहात का? असल्यास १ दाबा. नसल्यास कारणांची फाइल जोडा.'

"काही नाही, काकू, असाच आहे," म्हणत अमरने १ दाबला.

हसू नका. असा संदेश तुम्हालाही येतो. तुम्ही काय दाबता?