पेशकारकाकांचे हजारी नर्गिस

उन्हाळा लागला की नेकनूरची माणसं सावली धरून बसायची, आणि आमच्या शेजारचे अंबादासराव पेशकार आपले सात कांदे आडात उतरवायचे. पाण्यात नव्हे, पाण्याच्या हातभर वर. शिंक्यात बसवून, दोर आडाच्या काठाला बांधून, जरा जरा खाली सोडत. मग पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी आडात वाकून विचारायचे, “मंडळी, खैरियत?” आडातून त्यांचाच आवाज घुमून वर यायचा आणि त्यांचं समाधान व्हायचं.

त्यांना कांदे म्हटलेलं मात्र चालत नसे. “कांदा म्हनू नका, गड्डा म्हना. हजारी नर्गिसाचा गड्डा हाय तो.” हैदराबादेत एका नवाबाच्या बागेतल्या म्हाताऱ्या माळ्याची हरवलेली मिसल, म्हणजे कागदांची फाईल, यांनी कधीकाळी दफ्तरातून शोधून दिली होती. त्याने खुशीने दोन गड्डे दिले, त्यांचे वाढत वाढत सात झाले. साध्या नर्गिसाला सहाच पाकळ्या. हजारीला पांढऱ्या पाकळ्यांच्या पोटात पिवळ्या, पिवळ्यांच्या पोटात परत पांढऱ्या, आणि वास असा की अंगण भरून जावं.

अंबादासराव बीडच्या तहसील कचेरीत चाळीस वर्षं कागद चाळून वजिफ्यावर, म्हणजे निजामाच्या पेन्शनीवर, घरी बसले होते. कचेरी सुटली, कचेरीची भाषा सुटली नाही. कोणी विरजण मागायला गेलं तरी म्हणायचे, “दरखास्त द्या.” मांजराने दूध सांडलं तर मांजराची जबानी घ्यायचे. बायको तरुणपणीच गेली होती, दुसरी त्यांनी केली नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळा गाव आक्का म्हणे. आक्का नवव्या वर्षी विधवा झालेल्या. लाल आलवण नेसायच्या, आणि सोवळ्यात इतक्या कडक की गावात सोवळ्याचा वाद निघाला तर निकाल त्यांच्याकडे यायचा. पेशकारांना गप्प करणारं माणूस तेवढं एकच.

आता मी काय केलं ते सांगते.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण उमापुराहून नांदायला मी नुकतीच आले होते. आड दोन्ही घरांत मिळून एक आहे एवढं मला कळलं होतं. त्यात काय टांगलंय ते कोणी सांगितलं नव्हतं. आखाडातली कांदेनवमी आली. त्या दिवशी घरातले कांदे संपवायचे, म्हणजे चातुर्मासात कांद्याचं तोंड बघायला नको. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या म्हणाल्या, “घरात एक कांदा ऱ्हायला न्हाई पायजे. धुंडून आन.”

मी माळा धुंडला, उतरंड धुंडली, आणि पाणी शेंदायला गेले तर आडात शिंकं. मला आत्याबाईंच्या हुशारीचं कौतुक वाटलं. किती गार जागी ठेवलेत कांदे. सहा काढले. सातवा बोराएवढा होता, तो तसाच सोडला.

चिरताना बोटांना खाज सुटली, पण नव्या सुनेने खाजेची तक्रार कोणाकडे करायची? डाळीच्या पिठात घोळून भजी तळली. मामंजी पहिल्या पंगतीला बसले. एक घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं, आणि सून नवी म्हणून बिचाऱ्यांनी आणखी दोन भजी खाल्ली. माझ्या नवऱ्याने पाच खाल्ली, त्यालाही माझं मन राखायचं होतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत आमच्या घरातली सगळी पुरुषमंडळी परसात ओळीने वाकलेली होती.

ओकण्याचा आवाज ऐकून अंबादासराव भिंतीवरून डोकावले. मग आडाकडे गेले.

थोड्या वेळाने दरवाजातून आले ते हातात कागद घेऊन. मामंजींच्या उशाशी बसून त्यांनी पंचनामा लिहिला. मामंजी म्हणाले, “अंबादासराव, मी मराय लागलो हाय.”

“कळालं. पन मरायच्या आधी सांगा, किती खाल्ली?”

हकीमही त्यांनीच आणवला, हे सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले. मी पदर तोंडापर्यंत ओढून दाराआड उभी होते. अंबादासराव दाराकडे न बघता म्हणाले, “सूनबाईला सजा हाय. एकच ऱ्हायलाय. दिवाळीनंतर लावीन, तवापासून त्याला सकाळ-संध्याकाळ एक एक तांब्या पानी तिनं घालायचं. आडाचंच, ताजं.” एवढं बोलून ते उठले, आणि उठताना भिंतीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, एका फुलासाठी एवढं?

दिवाळी झाली. बोराएवढा गड्डा जमिनीत गेला. “हा पोरगा हाय अजून,” ते म्हणायचे, “औंदा फुलंल का न्हाई, कोन सांगावं.” आणि मग सुरू झाली ती सेवा मी जन्मात विसरणार नाही. ऊन चढलं की ते स्वतः उन्हात उभे राहून छत्री त्या रोपावर धरायचे. वारा सुटला की धोतराचा सोगा पसरून आडवे बसायचे. मार्गशीर्षात पानांतून दांडा वर आला तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं, आणि कळी भरून दांडा कलायला लागला तेव्हा त्याला आधार म्हणून आपला लिहायचा बोरू रोवला.

“हजारी कळी लई नाजूक,” ते मला ऐकू जाईल असं मामंजींना सांगायचे. “आत पाकळ्यांची गर्दी, भाईर यायला वाट अरुंद. एक दिवस पानी चुकलं की आतल्या आत वाळून जाती.” मी पाणी चुकवलं नाही. ताप आला तेव्हाही नवऱ्याच्या हातात तांब्या दिला. आमच्या गल्लीत त्या कळीवर पैजा लागल्या होत्या, आणि कळीपाशी कोणी शिंकलं तर त्याला हद्दपार करत असत.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी ते उमललं. दांडा एकच, पण त्यावर चार फुलं. पाटील आले, मुल्लाजी आले, आमच्याकडची मंडळी तर आडून आडून चारदा आली. अंबादासरावांनी प्रत्येकाकडून तोंडी दरखास्त घेतली, दोन हातांवर उभं केलं आणि नाक पुढे करू दिलं नाही. “बघायची मंजुरी हाय. वासाची न्हाई.” लोक हसत परतले. मीही हसले. म्हातारा कंजूष, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन गेले तर अंगणात दांडा खुडलेला. पानं जागच्या जागी होती. पानाला ते कधीच हात लावू देत नसत, पान पिवळं पडेस्तोवर गड्ड्याला पोसतं म्हणून. तेवढ्यात आतून आवाज आला.

“नगं म्हनलं ना,” आक्का म्हणत होत्या. “दरसाली तेच. फुलाचा वास घ्यायला मी काय सवाशीण हाय?”

“शेवंतीला नेम हाय. मोगऱ्याला हाय, गुलाबाला हाय. मान्य,” अंबादासराव म्हणाले. असा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “याला कंचा नेम हाय, मला दाखव. कंच्या पोथीत याचं नाव हाय? गुरुजीला इचारलं, शास्त्र्याला इचारलं. कुनाला ठावं न्हाई. ज्याचं नावच न्हाई, त्याला मनाई कशी आसंल?”

“सवाशिणीचंच आसंल.”

“सवाशिणीनं त्ये तळून वाढलं, आक्के.”

आक्का हसल्या. मी त्या घराशेजारी सात महिने राहत होते, मला त्यांचं हसू माहीत नव्हतं. दाराच्या फटीतून मला दिसलं ते इतकंच, की साठीच्या आक्कांनी डोळे मिटले आहेत आणि चारही फुलं दोन्ही हातांनी नाकाशी धरली आहेत, आणि अंबादासराव तिकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले आहेत.

सात गड्डे असते तर ते मागेपुढे फुलले असते, आक्कांना महिनाभर पुरले असते. मी त्यांचा तो महिना कढईत घातला होता. मला इतकी लाज वाटली की तांब्या तिथेच ठेवून मी घरी आले. चार दिवस तो दांडा टिकला. ते चार दिवस मी आत्याबाईंना सांगून सजेचे दोन तांबे सोडून आमच्या बाजूची आडाची खटपट बंद ठेवली, पाणी लांबच्या विहिरीवरून आणलं, म्हणजे आक्का फुलं हुंगत असताना आमच्याकडून तिकडे कोणी जायला नको.