अर्ध्यावर सोडलेला ठेका

सुभेदार लालासाहेब जगदाळे कवळी घातल्याशिवाय कुणाला रागावत नसत. पलटणीतून पेन्शनीवर आल्यावर एकदा त्यांनी भल्या सकाळी बोळक्या तोंडानंच गड्याला झापलं होतं. गड्याला एक अक्षर कळलं नाही. तो बिचारा 'व्हय व्हय' करत आत गेला आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. तेव्हापासून आधी कपातली कवळी तोंडात आणि मग बाकीचं, असा नियमच होऊन बसला. सुभेदार त्या कपाकडे चालू लागले, की घरातली माणसं आपापल्या कामाला पांगत.

त्या दिवशी ते कपाकडे गेले तेव्हा त्यांचा धाकटा, मानसिंग, ओसरीवर गिटारीच्या तारा पुसत बसला होता. गिटार मांडीवर असल्यामुळे त्याला पळता आलं नाही.

"ही काय बकवास चालवलीय?" कवळी बसताच सुभेदार कडाडले.

"जत्रंत कार्यक्रम करायचा म्हंतोय, आबा."

"तेच का? सांगलीत चार झिपरे गोळा करून विंग्रजीत बोंबलता ते?"

"न्हाई, ते येगळं. ह्यो आपला जोडधंदा हाय."

जोडधंदा हा शब्द ऐकून सुभेदार चपापले. रहिमतपूरच्या आसपास जोडधंदा म्हणजे दोन म्हशी, नाहीतर कोंबड्या. पण मानसिंगचं प्रकरण निराळं होतं. सांगलीजवळ कुपवाडच्या नव्या कारखान्यांपैकी एकात तो फिटर होता. संध्याकाळी तीन मित्रांबरोबर एका रिकाम्या शेडमध्ये रॉक वाजवायचा. चौघांनी ग्रुपचं नाव ठेवलं होतं 'द वाइल्ड थंडर्स'. हे नाव चौघांच्या बाहेर कुणाला म्हणता येत नव्हतं आणि गाणी तर चौघांतही दोघांनाच कळत. मग मानसिंगच्या डोक्यात आलं, की गिटार राहू दे, चाल सिनेमासारखी गुणगुणता येईल अशी ठेवू, आणि खाली ठेका घालू आपल्या माणदेशी धनगरी ढोलाचा. त्यासाठी त्यानं बिराप्पा नावाचा ढोलवालाही गाठला होता.

"हे बघ," सुभेदार म्हणाले, "फलटणच्या साखर कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय मी. जत्रंत एकदा वाजीव, हौस फिटू दे. दुसऱ्या दिवशी ही गिटार केरूची आन् तू फलटणला."

केरू हा रहिमतपूरचा लग्नातल्या बँडचा मालक. तो पायरीवरच बसला होता आणि गिटारीकडे लग्न ठरलेल्या मुलीकडे बघावं तसा बघत होता.

"सुभेदारसायबांचा शबुद म्हंजे शबुद," केरू म्हणाला.

मानसिंगनं आईकडे पाहिलं. लीलाबाईंनी मान खाली घालून तांदूळ निवडायला घेतले. गिटार जायची म्हणजे हात तोडून देण्यासारखंच होतं ते पोराला. पण चार माणसांत दिलेला शब्द सुभेदारांनी जन्मात मोडला नव्हता, हे लीलाबाईंनाही ठाऊक होतं.

आता उरली ती जत्रा. काहीतरी असं वाजवायचं, की आबांनीच म्हणावं, वाजीव रं बाबा. मानसिंग कुपवाडला परतला आणि जीव खाऊन तालमीला लागला.

बिराप्पाचा एक ठेका त्याला फार आवडला होता. सुरुवात हळू, मग चढत चढत असा जायचा, की ऐकणाऱ्याचे गुडघे आपोआप हलावेत. तो देव बोलवायचा ठेका होता. त्याच्यामागून देवाला परत लावून द्यायचा ठेका यायचा. तो संथ होता, लांबलचक होता, आणि मानसिंगच्या मते त्यात पब्लिक पेंगलं असतं.

"मामा, दुसरा कापू या आपण," मानसिंग म्हणाला. "चढलं की थाड्‌दिशी बंद! टाळ्या!"

बिराप्पानं ढोलावरचा हात काढून घेतला. "आरं गड्या, बोलवायचं आन् लावून द्यायचं न्हाई? पावन्याला हाक मारायची आन् दारात तिष्ठत ठिवायचं? देव हाय त्यो."

"गाणं हाय ह्ये, मामा. देवळात कुठं वाजवतोय आपण? शेडात वाजवतोय."

"त्येला शेड काय, देऊळ काय. ढोल ऐकू आला की त्यो निघतोय." पण बिराप्पा भिडस्त माणूस. पोराचं तोंड बघून त्यानं ढोल पुन्हा ओढला.

दिवेलागणीची वेळ. शेडमध्ये एकच पिवळा दिवा, आणि हे दोघंच. ठेका चढला, वर गिटार चढली आणि ठरल्याप्रमाणे थाड्‌दिशी सगळं थांबलं. नेमकी त्याच वेळी रंगुबाई चहाची किटली घेऊन दारात आली होती. रंगुबाई म्हणजे सगळ्या कारखान्यांना चहा पोचवणारी बाई. तिची जीभ अशी, की फोरमनसुद्धा उधारी ठेवायला भीत. तिनं किटली खाली ठेवली. ग्लास ठेवले. एकाचाही आवाज झाला नाही. मग ती सावकाश जमिनीवर बसली आणि डोलायला लागली.

"रंगुमावशी? चक्कर आली का?"

रंगुबाईचे डोळे उघडे होते, पण ते मानसिंगकडे बघत नव्हते. त्याच्या मागं कुणीतरी उभं असावं, तसे बघत होते. मानसिंगनं मागं वळून पाहिलं. मागं नुसता पत्रा होता.

"अर्धं सोडू नकोस," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. जाड, खालच्या पट्टीतला, आणि अक्षर अन् अक्षर स्वच्छ. "पुरं कर."

बिराप्पानं कान पकडले, ढोल उचलला आणि 'म्या सांगितलं हुतं, म्या सांगितलं हुतं' असं पुटपुटत जो दाराबाहेर पडला, तो दिसेनासाच झाला. राहिला मानसिंग एकटा. देवाला गिटारीवर लावून द्यावं म्हणून त्यानं घाबऱ्या घाबऱ्या हाताला येईल ते वाजवलं. आलं ते नेमकं इंग्रजी निघालं. रंगुबाई दुप्पट वेगानं घुमायला लागली. त्यानं झटकन हात मागं घेतला.

मग ती एकाएकी थांबली. उभी राहिली. "हितं न्हाई झालं तर गावात करून घीन," ती त्याच जाड आवाजात म्हणाली, डोळे मिचकावले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "आरं मुडद्या, च्या निवला की! घेत का न्हाईस?"

मानसिंगनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? थंडर्सनी खिदळून त्याचा जीव घेतला असता. त्यानं बिराप्पाला शोधून काढलं, त्याच्या हातापाया पडला आणि एवढी जत्रा वाजव म्हणून गळ घातली. बिराप्पा तयार झाला. पण दुसरा ठेका ठेवायचा का, हा विषय मानसिंगनं काढलाच नाही. माणसाला भीती वाटत असते आणि हट्टही सोडवत नसतो, त्यातला प्रकार.

जत्रेसाठी तो एस.टी.नं गावी निघाला. शेजारी एक म्हातारी झोपली होती. कराडच्या पुढं कधीतरी तिचा सुरकुतलेला हात घरंगळत आला आणि गिटारीच्या खोळीवर पडला. मानसिंगनं तो अलगद उचलायचा प्रयत्न केला. हात उचलेना.

"पुरं कर," म्हातारी झोपेतच म्हणाली.

तेवढ्यात कंडक्टरनं रहिमतपूरचा पुकारा केला. म्हातारी डोळे चोळत उठली, "बया, आलं का?" म्हणाली आणि पिशवी घेऊन उतरून गेली. जणू काही झालंच नाही.

जत्रेत देवळासमोर मांडव होता. पहिल्या रांगेत सुभेदार कडक इस्त्रीत बसले होते. शेजारी केरू. त्यानं गिटार गुंडाळून न्यायला चक्क नवी चादर आणली होती. बायकांच्या बाजूला लीलाबाई. अंधार पडायला लागला होता आणि मांडवातल्या माळा लागल्या होत्या.

सुरुवातीला माणसं बिचकली. "ह्यो शिनेमा हाय का धनगरी सुंबरान?" कुणीतरी मोठ्यानं विचारलं. पण ठेका धरला तसे गुडघे हलले, मग माना हलल्या, मागची पोरं उठून उभी राहिली. मानसिंगनं एकदा चोरून बघितलं. सुभेदारांचा बूट जमिनीवर टप् टप् पडत होता. त्याला असा आनंद झाला, की भीतीबिती सगळी विसरला. ठेका चढला, चढला, शिगेला पोचला, आणि सवयीनं हात वर गेला. थाड्! बंद.

आणि वीज गेली.

टाळी एकही वाजली नाही. सगळ्या माळा विझल्या. गिटारीचा आवाज तारेतच मेला. देवळातली समई तेवढी मिणमिणत होती. मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "हुं... हुं... हुं..."

सुभेदार लालासाहेब जगदाळे घुमत होते! ज्यांनी हयातभर अंगात येण्याला थोतांड म्हटलं, ज्यांनी एका घुमणाऱ्या बाईला 'सावधान!' म्हणून उभं केलं होतं, ते सुभेदार टोपी उडवून, केस विसकटून डोलत होते. माणसं मागं सरली. कुणीतरी भंडारा उधळला. केरू चादरीसकट खाली बसला. घुमता घुमता सुभेदार पुढं आले, गिटार त्यांनी हातानं चाचपली आणि मानसिंगच्या छातीशी दाबून धरली.

आणि अंधारात तो आवाज आला. जाड, खालच्या पट्टीतला, अक्षर अन् अक्षर स्वच्छ.

"अर्धं सोडू नकोस. पुरं कर."

मानसिंग गिटार कवटाळून तसाच उभा राहिला. बिराप्पानं मात्र कुणाची वाट बघितली नाही. त्यानं ढोल घेतला आणि तो संथ, लांबलचक ठेका सुरू केला. मानसिंगनं मुक्या तारा नुसत्या बोटांनी छेडत साथ धरली. सगळा मांडव अंधारात श्वास रोखून ऐकत होता, आणि कुणी म्हणजे कुणी पेंगलं नाही. ठेका संपला तसे सुभेदार मटकन खाली बसले. वीज आली. केरूनं आधी त्यांचे पाय धरले आणि मग चादरीची घडी घालायला घेतली.

"मला नगं ती गिटार," तो म्हणाला. "परत्यक्ष देवानं पोराच्या हवाली केलीय. माझा बँड बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई चुलीपुढं एकट्याच हसत होत्या. मानसिंगनं विचारलं तशा पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आरं, देव यायच्या आदी तुझ्या बापानं घड्याळ काढून खिशात ठिवलं की! मी बघत हुते. देव आला तर घड्याळाला धक्का लागू ने म्हून!"

मानसिंग धावत मळ्यात गेला. सुभेदार विहिरीच्या कडेला बसले होते. तो काही न बोलता त्यांच्या पायाशी बसला.

"आईनं सांगितलं वाटतं," सुभेदार खाकरले. "मग काय करायचं रं? केरूला शब्द देऊन बसलो. बापानं मोडला तर गाव नाव ठिवतंय. देवानं मोडला तर कोन इचारतंय? बूट हलाय लागला तवाच कळलं मला, की ह्ये पोराच्या हातनं काढून घेणं पाप हाय."

मानसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत तो हसला. "पण आबा, आवाज काय काढला तुमी! मी भ्यालो खरोखर. आन् ते 'पुरं कर', ते तुमाला रंगुमावशीनं सांगितलं का बिराप्पानं?"

"कोन रंगुमावशी?"

"आवं, 'अर्धं सोडू नकोस, पुरं कर.' तुमी बोलला ते."

सुभेदारांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "मी कुठं बोललो? तो तर तुझा ढोलवाला वरडला न्हवं? त्येच्या आवाजाला मी पण दचकलो की."

"मामा न्हाई बोलला. माझ्या शेजारी हुता त्यो. आवाज तुमच्याकडनं आला. शब्द अन् शब्द कळत हुता."

"मानसिंगा," सुभेदार अगदी हळू म्हणाले, "घड्याळाबरोबर मी कवळीबी काढून खिशात ठिवली हुती. हिसक्यानं पडंल म्हून. मी बोललो असतो तर तुला एक अक्षर कळलं असतं का?"

वारं अजिबात नव्हतं, आणि समोरचा ऊस हलत होता.

"फौरन जा," सुभेदार उठत म्हणाले, "आन् बिराप्पाला सांग. हितनं फुडं जे वाजवाल ते पुरं वाजवायचं. फलटणच्या सायबाला मी काय ते सांगतो."

त्याला आता बरेच महिने झाले. मानसिंगचा जोडधंदा जोरात आहे. मूळ धंद्याचं, म्हणजे त्या थंडर्सचं, कुणी नाव काढत नाही. गिटार ओसरीवर मानानं टांगलेली असते. सुभेदारांनी मात्र कवळी काढणं सोडलं. झोपतानाही काढत नाहीत. रिकामं तोंड बघून कोण येऊन बसेल, काय सांगावं, असं त्यांचं म्हणणं. लीलाबाईंची तक्रार एवढीच, की दुपारी ते आडवे झाले की झोपेत कवळी वाजते.

एकदा मानसिंगनं ती ओसरीवर बसून ऐकली. आधी हळू, मग चढत, मग आणखी चढत. कट् कट् कट्. ठेका ओळखीचाच होता. शिगेला पोचला आणि थाड्‌दिशी थांबला.

मानसिंग मुकाट्यानं उठला, खुंटीवरची गिटार काढली आणि पुढचं सगळं वाजवून पुरं केलं.