भांडणाची शिकवणी

दौलतमामांशी ज्याचं कधी भांडण झालं नाही, असा माणूस त्या काळी राळेगावात सापडणं कठीण होतं. पेशानं गवंडी. भिंत बांधताना विटांशी भांडत, काम नसलं की माणसांशी. यष्टी उशिरा आली की कंडक्टरवर ओरडत आणि वेळेवर आली तरी ओरडत, "इतक्या लवकर कायले आनली? लोकं जेवतीन का नाई?" मग त्याच कंडक्टरला चहा पाजत आणि चहा पातळ म्हणून हॉटेलवाल्याशी नवं भांडण काढत.

नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले तेव्हा, आता हा माणूस शांत होईल असं सगळ्यांना वाटलं. मामा म्हणाले, "देव सोडले, दारू सोडली. भांडन सोडा असं मले कोनी सांगतलं नाई."

मी शेजारच्या खोलीत राहणारा शाळामास्तर. एका उन्हाळ्यात मामांच्या गालाच्या आत गाठ आली, तेव्हा त्यांना घेऊन नागपूरला मीच गेलो. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे.

"बराबर पाहा," मामा म्हणाले. "माह्याआधी थो म्हातारा बसला होता, त्याचंच तोंड पाह्यलं आसन तुमी."

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं की उपचार आहे, विजेचा शेक घ्यावा लागेल, पण लवकर या.

बातमी गावात पसरली आणि गाव एकदम गोड झालं. कंडक्टरनं मामांना पुढची जागा दिली. हॉटेलवाल्यानं न सांगता घट्ट चहा आणला. मामा घाबरेघुबरे माझ्याकडे आले.

"मास्तर, कोनी भांडूनच नाई राह्यलं. म्या इतका मरून राह्यलो काय बे? तू तरी भांड ना!"

मी भांडायला तोंड उघडलं आणि विचारलं, "मामा, चहा ठेवू का?" मामांनी माझा चेहरा पाहिला आणि उठून गेले.

त्यानंतर ते सुभद्रामामींच्या मागे लागले. मामी म्हणजे गरीब गाय. नवऱ्यानं आयुष्यभर दोघांच्या वाटणीचं बोलून घेतल्यामुळे त्यांना बोलायची सवयच नव्हती. आता भाजीत मीठ नाही म्हणून आरडाओरडा, आहे म्हणूनही आरडाओरडा. मामी खाली मान घालून ऐकत. शेवटी मला राहवेना.

"मामा, मामींना काहून सतावता?"

"तिले बोलता येत नाई रे." त्यांचा आवाज एकदम उतरला. "बजारात पाठोलं, तर सडके वांगे घेऊन आली. म्हने, जाऊ द्या. म्या गेल्यावर सारं गाव तिले सडकंच देईन, अन् थे म्हनन, जाऊ द्या. म्या तिले शिकवून राह्यलो."

"मग शेकाला का जात नाही?"

मामा जिभेनं गाल चाचपत राहिले. "वीज लावते म्हनते. अन् तिथून परत आलोच नाई तर?"

पुढच्या आठवड्यात मी यष्टीची वेळ सांगायला गेलो, तर मामा खाटेवर आडवे. आज कंबर दुखते, पुढच्या महिन्यात पाहू. मामी चुलीपाशी होत्या. हातातला चिमटा आपटून त्या उभ्या राहिल्या.

"उठा! गुमान यष्टीत बसा! इतके दिवस तुमचं आयकलं, आता माह्यं बोलनं बाकी हाय. थे आयकल्याबिगर कुठी जाता?"

आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. मामा तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग त्यांनी खाटेखालून चपला ओढल्या.

त्या उपचारानं मामांना पुढं काही वर्षं मिळाली. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? यष्टीत ते खिडकीशी बसले, मध्ये मामी, कडेला मी. वर्धा मागे पडलं. मग मामा बाहेर बघतच म्हणाले, "मले लय भेव लागून राह्यलं व."

मामींनी त्यांचा चुन्यानं फाटलेला हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"मलेबी," त्या म्हणाल्या.