बाइंडरचा पहिला तास

कॉलेज कसं निवडावं हे बाइंडरइतकं कुणालाच कळत नाही, असं त्या अख्ख्या गल्लीचं मत होतं. निदान गल्लीतल्या एका माणसाचं तरी नक्कीच होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द बाइंडर!

आता यात त्याचा तरी काय दोष? गेली एकतीस वर्षं तो चार कॉलेजांचे प्रबंध बांधत होता. पुठ्ठा, सरस, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं. बांधता बांधता वाचायचाही. आतलं सगळं कळायचं असं नाही, पण आभाराचं पान त्याने कधी सोडलं नाही. त्या एका पानावरून कॉलेज ओळखायचं त्याने शास्त्रच तयार केलं होतं. मुलं ग्रंथपालाचे आभार मानतात म्हणजे तिथलं वाचनालय उघडं असतं. नुसते प्राचार्यांचे मानतात म्हणजे तिथे सगळा आनंदीआनंद! आणि जिथली झाडून सगळी मुलं शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी घामाघूम होऊन दुकानात येतात, तिथे शिक्षक बहुतेक पगाराच्याच दिवशी येत असावेत.

"इमारत बघू नका, आभार बघा!" सल्ला मागायला आलेल्याला तो सांगायचा. न मागणाऱ्यालाही सांगायचा.

स्वतः मात्र तो कॉलेजात गेला नव्हता. सतराव्या वर्षी प्रवेशाचं पत्र हातात पडलं आणि त्याच महिन्यात वडिलांना दिसेनासं झालं. डोळ्यांशिवाय बाइंडिंग होत नाही. पोरगा दुकानात बसला तो बसलाच. याबद्दल तो कधी कुरकुरला नाही, पण दुसऱ्यांची पोरं कॉलेजात धाडताना त्याचा उत्साह बघून शेजारच्यांना वाटायचं, ह्याला कमिशन मिळतं की काय!

यंदा त्याच्या लेकीची पाळी होती. टेकडीवरच्या कॉलेजात विज्ञानाला तिचा नंबर लागला. ते कॉलेज बाइंडरच्या यादीत पहिलं होतं. तिथल्या मुलांनी एकदा आभारात प्रयोगशाळेच्या शिपायाचंही नाव लिहिलं होतं, तेव्हापासून!

दुसऱ्या दिवशी एक वाजायच्या आत मूळ कागदपत्रं खिडकीवर द्यायची होती. उशीर झाला तर जागा पुढच्या यादीतल्या मुलाला. लेकीने गुणपत्रिका, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, अर्ज असे सगळे कागद दुकानातल्या टेबलावर ओळीने मांडले, मोजले आणि "बाबा, मी मैत्रिणीकडे जाऊन येते, याला हात लावू नका हं," असं म्हणून ती गेली.

सुटे कागद बघितले की बाइंडरच्या बोटांना खाज सुटते. आणि हे तर लेकीचे कागद! एवढ्या मोठ्या कॉलेजात त्याची पोर प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन जाणार? लोक काय म्हणतील, बाइंडरची मुलगी ना ही? त्याने दार ओढून घेतलं आणि दाभण उचललं.

सकाळी निघताना त्याने लेकीच्या हातात निळ्या कापडाचं एक देखणं पुस्तक ठेवलं. वर सोनेरी अक्षरांत तिचं नाव.

"बाबा, हे काय आहे?"

"तुझे कागद!"

"तुम्ही ते शिवले?"

"सोळा पदरी दोऱ्याने! भूकंप झाला तरी एक पान हलायचं नाही."

लेकीने पुस्तकाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की तिने पुस्तक तसंच काखोटीला मारलं. बस पकडायची होती.

बसमध्ये बाइंडर सुटला. "हे बघ, पहिल्या बाकावर बसायचं नाही, तिथे नुसता खडू उडतो. तिसरा बाक उत्तम. प्राचार्यांशी नाही, ग्रंथपालाशी ओळख करायची. पहिल्या आठवड्यात प्रत्येक खोलीत एकदा तरी डोकावून यायचं, आपल्या विषयाची नसली तरी. आणि रोज एक प्रश्न विचारायचा. बावळट असला तरी चालेल. तिथे प्रश्न विचारला म्हणून कुणी कामावरून काढत नाही!"

"तुम्हाला कसं माहीत हो एवढं?"

"दर महिन्याला जातो की! डिलिव्हरीला."

"आत?"

"फाटकापर्यंत." बाइंडर खिडकीबाहेर बघू लागला. "गठ्ठा तिथेच घेतात."

त्या दिवशी तो पहिल्यांदा फाटकाच्या आत गेला. पायांना आपोआप हळू चालावंसं वाटलं. जिन्यावर मुलं उगाचच बसली होती. उगाचच! कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता! बाइंडरला त्यांचा इतका हेवा वाटला की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रांग सरकत सरकत सव्वाबाराला ते खिडकीपाशी पोचले. आत चष्मा लावलेल्या कारकूनबाई होत्या. त्यांनी निळं पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"प्रबंध परीक्षा विभागात द्यायचे. वरचा मजला."

"मॅडम, प्रबंध नाही हो, माझे कागद आहेत," लेक म्हणाली.

बाईंनी पुस्तक उघडलं. ते तितक्याच जोरात मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बाइंडरची शिवण म्हणजे शिवण!

"गुणपत्रिकेला भोकं कुणी पाडली?"

"मी," बाइंडर नम्रपणे म्हणाला. "सात आहेत. सगळी सारख्या अंतरावर."

"अहो, मला एकेक कागद स्कॅनिंगच्या मशिनीत घालायचा आहे! पुस्तक कसं घालू? सुटे करून आणा. बरोबर एकला खिडकी बंद होणार. पुढे कोण?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघितलं आणि बाइंडरने पुस्तक खिडकीतून ओढून घेतलं. "तू रांगेतून हलू नकोस!" तो म्हणाला. "मला फक्त एक टेबल, थोडा उजेड आणि दहा मिनिटं दे. बांधणारा मी, तर सोडवणाराही मीच!" लोकांच्या खिशात पेन असतं, बाइंडरच्या खिशात छोटी सुरी असते. ती चाचपत तो टेबल शोधायला धावला.

पहिल्या दारामागे झाडू आणि बादल्या. दुसऱ्या खोलीत शिक्षक चहा पीत होते, त्यांनी "उद्या या" म्हणून सांगितलं. तिसऱ्या खोलीतली टेबलं रंगवून नुकतीच वाळत ठेवली होती, हे त्याला कोपर टेकल्यावर कळलं! चौथं दार मोठ्या वर्गाचं होतं. आत नवी मुलं भरली होती. बाइंडर मागे फिरणार एवढ्यात फळ्यापाशी उभे असलेले सर म्हणाले, "या, या. उशीर झाला तरी या. दार लावून घ्या."

एकतीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं अचानक कानावर पडलं तर माणूस काय करणार? बाइंडरने दार लावून घेतलं. तिसऱ्या बाकावर जागा होती. तो बसला, पुस्तक बाकाखाली मांडीवर घेतलं आणि सुरी काढली.

"आज आपण एक साधी गोष्ट बघणार आहोत," सर म्हणाले. "जुना कागद पिवळा का पडतो?"

बाइंडरची सुरी थांबली.

हे म्हणजे माशाला कुणी पाण्याबद्दल सांगावं तसं झालं! ऊन कागदाचं काय करतं, हवा काय करते, सर सांगत होते आणि हयातभर हाताळलेल्या वस्तूच्या पोटात काय काय घडतं ते बाइंडर पहिल्यांदा ऐकत होता. हात खाली आपोआप टाके उसवत होते. एक टाका, दुसरा टाका. कागद सुटे होत होते, पण त्याचे डोळे फळ्यावर होते. शेजारचा मुलगा सुरीकडे बघून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला होता, तेही त्याला दिसलं नाही.

"कुणाला काही शंका?"

सगळ्यांच्या माना खाली. आणि मग बाइंडरचा हात वर गेला. त्याने नेला नाही, हात आपणहून गेला!

"सर, उन्हातला कागद पिवळा पडतो ते समजलं. पण जो कपाटात बंद असतो, ज्याने जन्मात ऊन बघितलं नाही, तो का पडतो?"

सरांनी खडू खाली ठेवला. "फार चांगला प्रश्न आहे. आम्ल त्या कागदातच असतं, तो तयार होतो तेव्हापासून. बाहेरून काही व्हावं लागत नाही. तो आतल्या आत, हळूहळू, स्वतःच झिजत जातो. वर्षानुवर्षं."

बाइंडरला एकदम भरून आलं. का ते त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही आवरेना. फार चांगला प्रश्न! इतक्या वर्षांत त्याला लोक 'चांगली बांधणी' म्हणाले होते, 'वाजवी दर' म्हणाले होते. हे कुणी म्हणालं नव्हतं.

तेवढ्यात एक कागद फिरत आला. नाव, पत्ता, पालकाचं नाव. सगळे भरत होते म्हणून त्यानेही भरलं. पालकाच्या रकान्याशी मात्र तो अडखळला. आई-वडील दोघंही केव्हाच गेले होते. मागचा मुलगा घाई करू लागला तसं त्याने लेकीचं नाव लिहून टाकलं.

धाडकन दार उघडलं.

"बाबा!" लेक धापा टाकत होती. "एकला आठ मिनिटं आहेत! अख्खं कॉलेज पालथं घातलं मी! आणि तुम्ही इथे... तुम्ही बसलात काय?"

सगळा वर्ग वळून बघू लागला. बाइंडर कागद आणि पुठ्ठा छातीशी धरून उठला, जाता जाता सरांना नमस्कार करायला विसरला नाही आणि बापलेक जिन्यावरून धडधडत खाली उतरले.

रांग संपली होती. बाईंनी एकेक कागद मशिनीत घातला. गुणपत्रिका झाली. जन्माचा दाखला झाला. अर्ज झाला. "शाळा सोडल्याचा दाखला?"

लेकीने बापाकडे बघितलं. बापाने हातातल्या निळ्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

"तो कागद सगळ्यात जाड होता," बाइंडर पुटपुटला. "म्हणून पुठ्ठ्याला आतून चिकटवला. सुंदर बसलाय बघा. पण सरस माझा आहे. निघणार नाही."

घड्याळात एकला दोन मिनिटं होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग त्यांनी मशिनीचं झाकण वर केलं आणि तो पुठ्ठा, सोनेरी नावासकट, काचेवर पालथा घातला. शिक्का पडला.

"अशी मुलगी," पावती देताना त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत पहिलीच. पुठ्ठ्यासकट घेतलेली."

लेकीचं कॉलेज सुरू झालं. ती रोज जाई, संध्याकाळी येई आणि बाइंडर खळ ढवळत उलटतपासणी घेई. कुठला बाक? काय विचारलंस? ती हसून सांगायची. महिन्याभराने टपालाने एक पाकीट आलं, लेकीच्या नावाचं. बायकोने ते दुकानात आणून मोठ्याने वाचलं. "आपला पाल्य पहिल्या तासानंतर एकदाही वर्गात आलेला नाही. पालकांनी समक्ष येऊन भेटावे." खाली पाल्याचं नाव होतं. बाइंडरचं! त्या दिवशी फिरलेल्या कागदावरूनच कार्यालयाने हजेरीपट बनवला होता.

बायको हसून हसून खाली बसली. "अहो, या वयात घरी तक्रार आणलीत!"

"मी भेटून येते," लेक म्हणाली. "पालक मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा बाइंडर एका प्रबंधावर वाकला होता. त्याने वर बघितलं नाही.

"काय म्हणाले सर?" ब्रशाकडे बघतच त्याने विचारलं.

"म्हणाले, मुलगा हुशार आहे, पण वर्गात सुरी घेऊन बसतो."

"आणखी?"

"आणखी विचारत होते, हजेरीपटावरून नाव काढून टाकू का?"

ब्रश थांबला. "मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, राहू द्या, सर. येईल तो."

बाइंडरने खाली मान घालून खळ लावली, पुठ्ठा बसवला, तळव्याने दाबला, चांगली पाच मिनिटं दाबून धरला. मग नाक ओढत उजेडात धरून बघितलं, तर एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कव्हर उलटं लागलं होतं.