आई आत कोंडलीय

"पाच मिनिटांत खार बाहेर. तिच्या शेपटीचा केससुद्धा वाकडा होणार नाही," नवनाथनं बायकोला सांगितलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

सोलापुरात मार्च सरला की कूलरशिवाय घर म्हणजे भट्टी. आणि सात रस्त्यामागच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, कूलरच्या गवतात खारीनं तीन पिलं घातली होती. डोळे मिटलेली, भिजवलेल्या खजुरासारखी.

"पिलांना किंवा तिला काही झालं तर बघा," प्रतिक्षा म्हणाली.

नवनाथचा बेत पक्का होता. सगळ्या खिडक्या बंद करायच्या, खारीवर अलगद टॉवेल टाकायचा आणि पिलांसकट तिला खाली कडुलिंबावर नेऊन सोडायचं. त्यानं कूलरची जाळी काढली, तशी खार त्याच्या खांद्यावरून घरात शिरली. पडद्यावरून फळीवर, फळीवरून शेंगाचटणीच्या डब्यावर. डबा कलंडला, वर पंखा जोरात फिरत होता. तिखट थेट नवनाथच्या डोळ्यांत. समोर काहीतरी हललं म्हणून त्यानं टॉवेल टाकला.

"मी हाय रं," टॉवेलाखालून त्याची आई नागूबाई म्हणाली.

तोवर खार आतल्या खोलीत पळाली. नवनाथनं दार ओढून घेतलं. कडीची मूठ त्याच्या हातात आली आणि दार तसंच अडकून बसलं.

आतून जरा वेळ खरखर ऐकू आली. मग तीही थांबली. इकडे कूलरमध्ये पिलं बारीक आवाजात चिरचिरत होती. नवनाथ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारापाशी बसला. खिडकी आपणच बंद केलीय, आत उकाड्यानं तिचा जीव गेला तर ह्या तिघांना काय पाजायचं, हे आता त्याच्या लक्षात आलं.

प्रतिक्षानं गॅलरीत जाऊन भावाला फोन लावला. "दिपक, दार उघडत नाही रे. आई आत कोंडलीय. मघाशी धडपडत होती, आता आवाजच येईना. खिडक्यासुद्धा ह्यांनीच लावून घेतल्या. टॉवेल टाकून धरायला गेले होते तिला."

खालच्या गॅलरीत शांतम्मा कुरडया वाळत घालत होत्या. वरच्या घरातली एकच आई त्यांना ठाऊक होती. त्यांनी हातातली कुरडई तिथंच टाकली आणि अग्निशामक दलाला फोन केला.

थोड्याच वेळात भोंगा वाजवत गाडी आली. जवान कटावणी घेऊन धडाधडा जिना चढले. दार नागूबाईनं उघडलं.

"म्हातारीला कुठं कोंडलंय?" जवानानं विचारलं.

"म्हातारी मीच की," नागूबाई म्हणाली. "आत खार हाय."

जवानानं कटावणी लावून आतलं दार उघडलं. खार कपाटावर पोट टेकून पडली होती. पोट धपापत होतं. जिवंत होती. नवनाथला रडूच येणार होतं, पण डोळ्यांतून आधीच पाणी वाहत होतं. त्यानं पंखे बंद केले, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पुन्हा टॉवेल उचलला.

"ते ठेवा, आधी खाली चला," जवान म्हणाला. "सगळी गल्ली जमलीय. तुम्ही आईला मारलं नाही, हे तुम्हीच सांगा त्यांना."

नवनाथ आणि प्रतिक्षा खाली गेले. शांतम्मांना पटवण्यातच बराच वेळ गेला. "लई घाबरले की मी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

गाडी गेल्यावर नवनाथ धावत वर आला. टॉवेलाची घडी घालून झाली होती. कूलरचं गवत रिकामं होतं. खिडकीबाहेर लिंबाच्या ढोलीत तोंडात शेवटचं पिलू धरलेली खार शिरत होती.

"आई, कशी काढलीस तिला?"

"मी कशाला काढतीय?" गुडघे धरून बसलेली नागूबाई म्हणाली. "गप बसले हुते. तू जिना उतरलास, आन् तिनं तिचं काम केलं."